पाडव्याला स्ट्रॉबेरीचं श्रीखंड

श्रोतेहो, नमस्कार.

गुढीपाडवा जवळ आला की घरोघरी एकच प्रश्न असतो: श्रीखंड करायचं की आणायचं? करायचंच, असा माझा आग्रह आहे. आणि यंदा नेहमीच्या केशर-वेलचीच्या जोडीला एक वाडगं स्ट्रॉबेरीचं करून बघा.

स्ट्रॉबेरीच का, ते सांगते. पाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये. हापूसच्या पेट्या तेव्हा नुकत्याच बाजारात आलेल्या असतात आणि भाव ऐकून आपण पुढे निघतो. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मात्र हंगामाच्या शेवटाला आलेली असते. या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शेवटच्या तोडीतली थोडी मऊ पडलेली, आतपर्यंत लाल झालेली फळं नुसती खायला कोणी घेत नाही, पण शिजवायला तीच सर्वांत चांगली. सणाच्या श्रीखंडात स्ट्रॉबेरी कशाला, असं घरातलं कोणी म्हणालंच, तर त्यांना आम्रखंडाची आठवण करून द्या. तेही कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा केलंच असेल ना!

पण एक गोष्ट मी कळकळीने सांगते. चव हवी तेवढी बदला, चक्का बदलू नका. श्रीखंड म्हणजे घट्ट, गोडसर आंबट चक्का. तो पातळ झाला की उरतं ते गोड दही. आणि स्ट्रॉबेरीत जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. फळ नुसतं मिक्सरमधून काढून चक्क्यात ओतलं, तर श्रीखंडाची लस्सी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आधी फळातलं पाणी आटवायचं, मगच ते चक्क्याला लावायचं.

सुरुवात दह्यापासून. एक लिटर फुल क्रीम दूध, म्हणजे सहा टक्के स्निग्धांशाचं, उकळून कोमट करा. ताज्या, गोड दह्याचं चमचाभर विरजण लावा. दही लागलं की बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये टाका. फळ मुळात आंबट आहे, त्यात दहीही आंबलेलं असलं तर साखर ओतत राहावी लागते. पूर्वी चक्का खुंटीला टांगायचे, पण मार्चच्या उकाड्यात टांगलेलं दही तासातासाला आंबत जातं. चाळणीत मलमलीचं ओलं करून पिळलेलं कापड पसरा, त्यात दही घालून पुरचुंडी बांधा, वर एखादा जड वाडगा ठेवा, चाळणीखाली पातेलं, आणि सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बोटाने दाबून पाहा. बोटाचा ठसा तसाच राहिला आणि चक्का कापडाला न चिकटता सुटून आला, तर काम झालं. एवढ्या दह्यात साधारण चारशे ग्रॅम चक्का पडतो. परदेशात ऐकत असाल तर तिथलं घट्ट ग्रीक योगर्ट घ्या, तेही तासभर कापडात ठेवून.

खाली साठलेलं पाणी मोरीत ओतू नका. थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा, नाहीतर बेसन लावून कढी करा.

आता फळ. पाव किलो स्ट्रॉबेरी आधी धुवा आणि मग देठ काढा. उलट केलंत तर देठाच्या जागेतून पाणी आत शिरतं. बारीक चिरून दोन मोठे चमचे साखर घाला आणि स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. लोखंडाची कढई नको, आंबट फळाला तिची चव लागते. आधी भरपूर पाणी सुटेल, गुलाबी फेस येईल. घाबरू नका, ढवळत राहा. हळूहळू फेस बसतो, रंग गडद होतो आणि बुडबुडे मोठे, सावकाश फुटायला लागतात. उलथन्याने बुडाशी रेघ ओढा. रेघ लगेच मिटली नाही की गॅस बंद. पाव किलोचा जेमतेम अर्धी वाटी गर उरेल. तो पूर्ण गार होऊ द्या.

चारशे ग्रॅम चक्क्याला मी दोनशे ग्रॅम साखर घेते. जुन्या हाताचं माप चक्क्याइतकीच साखर असं होतं, पण आता तेवढं गोड अनेकांना झेपत नाही. साखर आणि चिमूटभर मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. चक्क्यातल्या पाण्यात साखर विरघळते आणि तो सैल पडतो. ते ठीक आहे, फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होतो. मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये मात्र कधीही फिरवू नका, पाते लागलं की चक्का पातळ होतो. पुरणयंत्रातून उतरलेला चक्का हाताला रेशमासारखा लागतो.

त्यात निम्मा गर एकजीव करा. उरलेला वरून घालून चमचा एकदाच फिरवा, म्हणजे लाल रेघा दिसत राहतील. वेलची, जायफळ, केशर यांतलं काहीही घालू नका. स्ट्रॉबेरीपुढे ते भांडतात. त्याऐवजी चार-पाच मिरे ताजे, भरडच कुटून घाला. मिरीने फळाचा वास उघडतो. वरून पिस्त्याचे काप चालतील.

दुसरं फळ घ्यायचं मनात असेल तर एक सावधगिरी. अननस, किवी, पपई कच्चं घालू नका. त्यांच्यातल्या विकरांमुळे दुधातली प्रथिनं तुटतात आणि थोड्या वेळात श्रीखंड कडू होतं. अननस शिजवून आटवून घेतला की ही अडचण राहत नाही.

श्रीखंड आदल्या दिवशी करून ठेवलं तर जास्त मुरतं. पुऱ्या मात्र ऐन वेळी तळा. आणि काही उरलंच, तर कुल्फीच्या साच्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. साखर आणि स्निग्धांशामुळे त्याचा दगड होत नाही, चावता येईल इतपत मऊ राहतं. दुपारी शाळेतून आलेल्या मुलांच्या हातात द्या.

पाडव्याच्या शुभेच्छा. नमस्कार.