अंगणातली संध्याकाळ, आमरस आणि गाण्याच्या भेंड्या

नमस्कार मंडळी. मे महिना चालू आहे, मुलांना सुट्ट्या आहेत, आंबा बाजारात भरभरून आलाय आणि प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी पाहुणं येतंच आहे. तर आज मला बोलायचंय घरच्या अंगणात नाहीतर गच्चीवर संध्याकाळी दहा-पंधरा माणसं बोलवून निवांत बसण्याबद्दल. पार्टी म्हणा, गेट-टुगेदर म्हणा, हॉल नको, केटरर नको, आपलं घर आणि आपली माणसं.

एक गोष्ट फार मनापासून सांगायचीये, ती आधीच सांगून टाकते. माणसं आली की घरातलं कोणीही गॅसपुढे नको. जिने सगळ्यांना हौसेने बोलावलं तीच आत घामाघूम होऊन पुऱ्या तळतीये, बाहेर सगळे हसतायत आणि मधूनच कोणीतरी "अगं ये ना बाहेर, बस की जरा" अशी हाक मारतंय, हे मी कितीतरी घरांत बघितलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्यामुळे पदार्थ ठरवताना चव, खर्च हे सगळं नंतर, पहिला प्रश्न हा की हे सकाळच्या गारव्यात करून ठेवता येईल का, आणि गार खाल्लं तर छान लागेल का.

आणि आपल्याकडे हे नवीन नाहीच हो. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चालतं ते. त्यात काय असतं, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड, काकडी. आयत्या वेळी गरम करायचं असं एकही नाही! भर उन्हाळ्यात पन्नास बायका येऊन गेल्या तरी यजमानीण दारात हसत उभी असायची, ते याच्यामुळे.

तर माझा मेनू सांगते, तुमच्याकडे वेगळा असेल. आमरस, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीची डाळ, दहीभात आणि कुरडया-पापड. तिखटमिठाच्या पुऱ्या सकाळी तळल्या तरी संध्याकाळी मस्त लागतात, प्रवासाला न्यायच्याच त्या पुऱ्या. कुरडया-पापड सकाळी तळून पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, गरम असताना झाकण लावलं की वाफ धरते आणि सादळतात. दहीभाताला विरजणाचं एक चमचा दही आणि दूध भरपूर, भात जरा सैलच ठेवायचा, म्हणजे खायच्या वेळेपर्यंत तो बरोबर लागतो, आंबट होत नाही. सकाळपासूनच भरपूर दही घातलं तर संध्याकाळी तोंडात घालवत नाही.

कैरीच्या डाळीला मात्र जपा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटलेली असते, कच्चीच असते, उकाड्यात चटकन खराब होते. दुपारी वाटा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, किसलेली कैरी आणि गार केलेली हिंग-मोहरीची फोडणी शेवटी कालवा, आणि बाहेर एकदम सगळी न आणता थोडी थोडी आणा. ओल्या नारळाची चटणी असेल तर तिचंही तेच. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर असे पदार्थ बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि मेमध्ये संध्याकाळी सहालाही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढं असतंच.

रसाला पायरी घ्या असं मी म्हणेन. हापूस कापून खायला, पायरी रसाला, आमच्याकडे तरी हेच चालत आलंय, आणि पायरीला रस सुटतो पण भरपूर. रसाचं पातेलं बर्फाच्या परातीत ठेवलं की झालं. वाढताना वरून साजूक तूप आणि चिमूटभर मिरपूड, ज्याला आवडेल त्याला.

पन्ह्याचा अर्क आदल्या दिवशीच करून ठेवा. कैरी उकडायची, गर काढायचा, गराच्या साधारण दुप्पट गूळ (कैरी किती आंबट त्यावर कमी-जास्त), वेलची, मीठ, असलं तर केशर. बाटलीत भरून फ्रीजमध्ये. बाहेर एका टेबलावर ती बाटली, थंडगार पाण्याचा जग, ग्लास आणि चमचे ठेवून द्या, ज्याला जसं हवं तसं तो करून घेईल, कोणी कोणाला वाढत बसायला नको. शेजारी कोकमाचं सरबतही ठेवा, त्यात थोडी जिरेपूड.

पाण्यासाठी माठ. माठातून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा कोरडी असेल तितका माठ गार. विदर्भ-मराठवाड्यात, पुण्या-नाशकाकडे पाणी झकास होतं, कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्यामुळे तेवढं होत नाही, तिकडे बर्फ जोडीला लागतो. माठ सावलीत पण वाऱ्यावर ठेवा, कोपऱ्यात भिंतीला चिकटवून नको. आत वाळ्याची जुडी धुऊन सोडा, किंवा चार मोगऱ्याची फुलं. बर्फ विकत आणणार असाल तर खाण्याचाच आहे ना हे विचारून घ्या, नुसता गारव्यासाठी असलेला बर्फ निळसर रंगाचा ठेवायचा नियम आहे, तो ग्लासात घालायचा नाही.

आता वेळ. पुण्या-मुंबईकडे मेमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो, नागपूरकडे थोडा आधी. माणसांना साडेसहाला बोलवा. विदर्भात मात्र सातच्या आधी नकोच, झळा कमी होऊ देत. अंगणात शहाबादी फरशी असेल, नाहीतर गच्ची असेल, तर दिवसभर तापलेली ती जमीन रात्री उशिरापर्यंत तापच सोडत राहते, म्हणून पाचच्या सुमारास चांगलं पाणी मारा आणि माणसं यायच्या आधी ते सुकू द्या, ओल्या फरशीवर पोरं धावतात आणि आपटतात. पाणीटंचाई असेल तिथे हे पिण्याच्या पाण्याने करू नका, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांच्या कडेने टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो. चांदणं हवं असेल तर पौर्णिमेच्या जवळचा दिवस धरा, पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, मग पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. बुद्धपौर्णिमा तर ऐन उन्हाळ्यातच येते.

डासांचं काम त्याच दिवशी होत नाही, आठ-दहा दिवस आधी होतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, गच्चीवरची बादली हे सगळं आधीच्याच आठवड्यात रिकामं करा. आणि प्रत्यक्ष त्या संध्याकाळी बसायच्या जागेला उभा पंखा लावा, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, शिवाय आजी-आजोबांना वारा लागतो. कडुनिंबाचा धूर करायचा तर माणसं यायच्या आधी, दम्याचं कोणी असेल तर अजिबात नको. दिवे पिवळे लावा, पांढऱ्या प्रकाशावर किडे फार येतात आणि ते नेमके रसात पडतात.

बसायला सतरंज्या, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्याही सतरंजीच्या लगतच ठेवा, लांब रांगेत नको, नाहीतर मोठी माणसं एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे असं होऊन बसतं. जेवायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, थर्माकोलच्या प्लेटांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे, आणि भांडी घासायचं कामही वाचतं.

मुलांसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे पॉट आइस्क्रीम. लाकडी पॉट भाड्याने मिळतो, नसेल तर कोणाच्या तरी माळ्यावर असतोच, विचारा. आतल्या डब्यात आटवलेलं दूध, साखर आणि आंब्याचा गर, बाहेरून बर्फ आणि खडे मीठ, बर्फाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश मीठ हवं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊनही वितळत राहतो आणि आतल्या दुधाची उष्णता ओढून घेतो, म्हणून नुसत्या बर्फाने जे होत नाही ते मिठाने होतं, आणि हे पोरांना हँडल फिरवता फिरवता समजावून सांगा, पुस्तकात वाचून इतकं लक्षात राहत नाही. पाळीपाळीने सगळ्यांनी फिरवायचं, शेवटी जड व्हायला लागलं की काका-मामांचा नंबर. डबा उघडताना झाकणावरचं मीठ आधी नीट पुसा, खारट पाण्याचा एक थेंब आत गेला तरी कळतो.

आणि मग गाण्याच्या भेंड्या. स्पीकर नको हो, खरंच नको. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही हा नियम आहेच, पण त्याहीपेक्षा गाणी मोठ्याने लागली की बोलणं बंद पडतं. भेंड्यांमध्ये सत्तर वर्षांची आत्या आणि बारा वर्षांचा भाचा एका टीममध्ये येतात, आणि त्या आत्याला "ठ" वरून गाणं सुचतं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो! शेजाऱ्यांना आधी सांगा, बोलवलंत तर फारच छान. सोसायटीची गच्ची असेल तर परवानगी घेऊन ठेवा.

वळिवाचा मात्र भरवसा नाही. दिवसभर ऊन तापलं की दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळी वारा, विजा, गारा सगळं एकदम. म्हणून हॉल रिकामा करून ठेवा, सतरंज्या उचलायच्या आणि आत, पुऱ्या-रस गारच असल्यामुळे काही बिघडत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते सांगतं, फोनमध्ये असू द्या. आणि गडगडाट ऐकू आला की लगेच आत, गच्चीवर थांबायचं नाही आणि आंब्याच्या झाडाखाली तर मुळीच नाही.

एकट्याने सगळं करायचं नसेल तर अंगत-पंगत करा, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. फक्त कोणी काय आणायचं ते आधी फोनवर ठरवा, म्हणजे चार घरांतून चार दहीभात येणार नाहीत, आणि गरम करावं लागेल असं काही आणू नका हे स्पष्ट सांगा. उरलेल्या पुऱ्या जाताना ज्याच्या त्याच्या डब्यात भरून द्या, डाळ आणि दहीभात उरला तर तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

आता कॅलेंडर बघा. तळकोकणात पाऊस साधारण सात जूनला येतो, मुंबईत अकराच्या आसपास, त्यानंतर अंगणही ओलं आणि आंब्याचीही मजा गेली. म्हणजे हातात रविवार थोडेच आहेत, तेव्हा आजच फोन करा, आणि ज्यांच्याकडे बरेच दिवसांत जाणं-येणं झालं नाहीये त्यांना सगळ्यात आधी करा. नमस्कार.