लाकडी आगबोट वाकते कशी?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच कॉमेंट वीसजणांनी टाकलीय, "लाकूड तरंगतं, मग लाकडी आगबोट बुडते कशी?" एकाने वर हसणारे तीन चेहरेही लावलेत. अहो दादा, तिच्या पोटात लोहखनिज भरलेलं असायचं!

ओळख पटकन उरकतो. अमेरिका-कॅनडाच्या मधली पाच मोठी सरोवरं. सुपिरियरकाठचं खनिज खाली ईरीकडे यायचं, वर जाताना कोळसा. १८६९ साली क्लीव्हलंडला 'आर. जे. हॅकेट' बांधली: कप्तानाची खोली पार पुढे, इंजिन पार मागे, मधे नुसतं पोट. डेकवरची झाकणं २४-२४ फुटांवर, कारण मार्केटच्या धक्क्यावरून खनिज ज्या घसरगुंड्यांतून खाली यायचं, त्यांच्या मापाला ती जुळायला हवीत. (मार्केट हे गावाचं नाव आहे, बाजार नव्हे. हेही विचाराल म्हणून आधीच सांगतो.)

आता खरी गोम. लांब लाकडी बोट दोन्ही टोकांनी खाली झुकते.

खांद्यावर लांब बांबू घेऊन चाललात की टोकं कशी लवतात? तसंच. बोटीचा मधला भाग रुंद, पाणी त्याला भरपूर उचलून धरतं. टोकं निमुळती, तिथे आधार कमी, आणि त्यातल्या एका टोकावर इंजिन आणि बॉयलर बसवलेले.

"पण लाकूड लवचीक असतं ना?" असतं. पण ही बोट म्हणजे अखंड बांबू नाही, बोल्टांनी जोडलेल्या फळ्या आहेत. प्रत्येक सांधा केसभर सरकला तरी शंभर सांध्यांचं मिळून बरंच होतं. माझ्या घरचं पुस्तकांचं कपाट घर बदलताना दोनदा खोलून जोडलं, आता हात लावला तरी डुलतं. फळी एकही मोडलेली नाही!

तिसऱ्यांदा सांगतो, कारण कॉमेंट येणारच. लाट बरोब्बर मध्याखाली आली की टोकं आणखी लोंबतात, फळ्यांमध्ये ठासलेला ताग सैल होतो आणि पाणी आत. मग वाफेवरचा पंप चालू. पाणी आगीपर्यंत चढलं तर वाफ संपली, म्हणजे पंपही संपला. लाकूड तरंगतं म्हणे!

मिशिगनमधल्या वेस्ट बे सिटीच्या जेम्स डेव्हिडसनने यावर लोखंडी पट्ट्यांचं जाळं ठोकलं आणि १८९६ मध्ये ३१९ फुटी लाकडी आगबोट 'अपोमॅटॉक्स' पाण्यात उतरवली. एवढ्यावर भागवायचं नाही म्हणून तिच्या मागे 'सँटियागो' नावाची बिनइंजिनाची बार्जही ओढायला जोडायची, एका इंजिनात दोन बोटींचा माल. १८८२ मध्येच क्लीव्हलंडला लोखंडी 'ओनोको' आली होती, तरी हा गडी ओकच कापत राहिला. मला आवडतो असला हट्टी माणूस.

'अपोमॅटॉक्स' २ नोव्हेंबर १९०५ ला धुक्यात, शहराच्या धुरात, मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहराच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढली. सांगाडा अजून उथळ पाण्यात आहे. मालवणच्या मामांनी फोनवर लगेच विचारलं, "किड्याने खाल्लं नाही?" त्यांच्या होडीला दरवर्षी तोच ताप. मामा, लाकूड पोखरणारा तो किडा खाऱ्या पाण्यातला. तिथलं पाणी गोडं.