कोळ्याची भाषा

मित्रहो, कालिदासाच्या शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटा प्रवेश आहे. दोन शिपाई एका कोळ्याचे हात मागे बांधून त्याला मारत आणतात. राजाची अंगठी तुझ्याकडे आली कुठून, हा प्रश्न. तो सांगतो, मी शक्रावताराजवळ राहणारा कोळी, रोहू मासा कापला तेव्हा त्याच्या पोटात ही सापडली. आमच्या कॉलेजच्या मुलांनी शाकुंतल बसवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या वाचनात हा प्रवेश गाळावा असंच बहुतेकांचं मत होतं. दुष्यंत नाही, शकुंतला नाही, मग कशाला?

कोळ्याचं काम बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका मुलाला दिलं होतं. घरात मराठी, बाजारात कानडी, वर्गात जमेल ते. तालमीत तो पुस्तकी मराठीत बोलायचा आणि प्रत्येक वाक्यागणिक अंग चोरायचा. आठ दिवस हेच चाललं. एकदा चहाच्या सुट्टीत तो मित्राला मोबाईल हरवल्याचा किस्सा सांगत होता. हात, मान, डोळे, सगळा मुलगा बोलत होता. मी म्हटलं, हेच कर, याच बोलीत कर. तो उभा राहिला आणि म्हणाला, ''मी चोरी केलो न्हाई ओ साहेब. मासा कापलो, आन् पोटात ही गावली.'' तालमीच्या खोलीत एकदम शांतता झाली. कोळी आला होता.

'मी केलो' ऐकून पुण्यामुंबईचा माणूस आपल्याला हटकतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाने सोसलेलं आहे. आम्हीही सोसलं. एका स्पर्धेत परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'अभिजात नाटकाला शुद्ध भाषा हवी', आणि गुण कापले. त्या रात्री परतीच्या गाडीत कोळी झालेला मुलगा खिडकीला डोकं टेकून बसला होता, एक शब्द बोलला नाही. मला ते फार लागलं. कारण कालिदासाचा कोळी शुद्ध संस्कृत बोलतच नाही! तो मागधी ही प्राकृत बोली बोलतो, 'र'चा 'ल' करतो, 'स'चा 'श' करतो. त्याला मारणारे शिपाईही मागधीच बोलतात. शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनी ही दुसरी प्राकृत बोलतात, विदूषकही प्राकृतातच बोलतो. राजा, कण्व ऋषी, त्यांचा शिष्य शार्ङ्गरव यांच्या तोंडी संस्कृत. रंगमंचावर तीन भाषा एकाच वेळी नांदतात, कोणी कोणाला दुभाषा मागत नाही. हे चित्र बेळगावच्या बसस्टँडवर उभ्या राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग एका शिपायाला आम्ही कानडी दिली. ''बारो इल्ली! खरे हेळो!'' म्हणजे 'ये इकडे! खरं सांग!' असं तो कोळ्यावर ओरडतो. 'खरे' हा शब्द दोन्हीकडचा, त्यामुळे प्रेक्षकांत कोणाचंच अडलं नाही. पण एक काळजी घेतली. कानडी शिपाई मराठी कोळ्याला मारतो असं दिसलं असतं, तर लोकांनी त्यात नको ते वाचलं असतं. म्हणून दुसरा शिपाई मराठी ठेवला, आणि तो पहिल्यापेक्षा जोरात मारतो. अंगठीच्या मोलाचं बक्षीस मिळाल्यावर कोळी त्यातलं अर्धं शिपायांनाच देतो आणि सगळे मिळून गुत्त्याकडे निघतात. हे मूळ नाटकातलंच आहे, आम्ही घातलेलं नाही.

यात एक सल आहे, तो आमच्या शकुंतलेने बोलून दाखवला. ''सर, बायकांना आणि गरिबांना प्राकृत, राजाला संस्कृत. म्हणजे आम्ही खालच्याच ना?'' ती म्हणते ते खरं आहे, त्या काळाची उतरंड त्या भाषांत आहेच. मी तिला पाचवा अंक पुन्हा वाचायला सांगितला. भर दरबारात राजा ओळख नाकारतो, तेव्हा शकुंतला त्याला 'अणज्ज' म्हणते. अनार्य, म्हणजे नीच. आम्ही संहिता मराठीत केली होती, पण तो एक शब्द तिने प्राकृतातच ठेवला. प्रयोगात ती तो मोठ्याने म्हणत नाही. दुष्यंताकडे एक पाऊल टाकते आणि हळू म्हणते.

खर्चाचं विचारता, तर ही नाटकं आपल्यासारख्यांना परवडणारी आहेत. रथ नको, झाडं नकोत. संहितेतच लिहिलंय, राजा रथाचा वेग अभिनयाने दाखवतो. नट मंचावर एक फेरी मारतो आणि जागा बदलते. अडचण पैशांची नाही, संध्याकाळच्या शेवटच्या बसची आहे. मुलींच्या तालमी त्या बसच्या आत संपवाव्या लागतात. एवढं एक कॉलेजांनी मनावर घ्यावं.

आणि ही जमीन या नाटकाला परकी नाही. शाकुंतल मराठी संगीत रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात तो प्रयोग झाला, पण कान घडला तो इथे, दोन भाषांच्या मधोमध. त्यांच्या पदांत कानडी चाली आल्या त्या उगाच नव्हेत. मृच्छकटिक मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवल त्यांचेच शिष्य.

यंदा मृच्छकटिकच घेतलंय. जानव्याने भिंतीचं माप घेऊन भोक पाडणारा चोर शर्विलक मिळाला, निपाणीचा आहे. नायिका वसंतसेनेपाशी मात्र अडलोय. ती नाटकभर प्राकृत बोलते आणि मध्येच संस्कृत श्लोक म्हणते. संहितेत तशी सूचनाच आहे, 'संस्कृतमाश्रित्य', म्हणजे संस्कृतचा आश्रय घेऊन. आमच्या मुलीने तिथे कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत जायचं? एक जण म्हणते बोलीतून प्रमाण मराठीत, दुसरी म्हणते मराठीतून कानडीत. सोमवारी दोन्ही करून बघणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी चारला या.