पाटीवरचं नाव आणि आतली नोकरी

नोकरी बदलली म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, 'कुठे?' काम काय, पगार किती, वरिष्ठ कसे, हे सगळं नंतर. आणि उत्तरात एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीचं नाव आलं, की पुढचे प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. मंडळी, मला काळजी वाटते ती याची, की ते आपण स्वतःही स्वतःला विचारत नाही.

या कंपन्यांची नावं आपल्याला माहीत असतात ती ग्राहक म्हणून. फोन उत्तम चालतो, जाहिरात आवडते, तेव्हा तिथली नोकरीही चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करातल्या मूल्यमापनाबद्दल लिहिलं होतं. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांना अधिकाऱ्यांनी वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण एका बाबतीत माणूस आवडला की बाकीचे गुणही चढेच पडत. कंपन्यांच्या बाबतीत आपण हेच करतो. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

तरीही नावाला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की उमेदवाराची खरी कुवत मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवर विसंबतो. आधीच्या कंपनीचं नाव ही तशीच खूण. 'त्यांच्या चाळणीतून हा पार पडलाय', एवढं ते सांगतं. उमेदवारीच्या वर्षांत याचा फार उपयोग होतो, तो जरूर घ्यावा. दहा-बारा वर्षांनंतर मात्र मुलाखतीत विचारतात, 'त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?'

दुसरं म्हणजे, नाव एक असलं तरी नोकरी एक नसते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की गूगलसाठी काम करणारे कंत्राटी आणि हंगामी लोक सुमारे १,२१,००० आहेत आणि कायम कर्मचारी १,०२,०००. इमारत तीच, पण गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग वेगळा, आणि पगारपत्रकावर भलत्याच कंपनीचं नाव. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की आकड्याआधी नेमणूक कोण करतंय ती ओळ वाचा. मूळ कंपनी, तिची उपकंपनी की मनुष्यबळ पुरवणारी तिसरीच संस्था? रजा, विमा, नोटीस पीरियड, सगळं त्या ओळीवर ठरतं.

आणि नाव आपल्या हातातही नसतं. आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षणातली जगातल्या पहिल्या पाचांतली कंपनी, सुमारे ८५,००० माणसं. तिच्यापासून वेगळी झालेली सल्लागार शाखा १ जानेवारी २००१ पासून ॲक्सेंचर या नव्या नावाने उभी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी बुडाली. तिचे हिशेब तपासणारी अँडरसन जून २००२ मध्ये कागदपत्रं नष्ट करण्याच्या प्रकरणात दोषी ठरली आणि बघता बघता संपली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर कंपनीच उरली नव्हती. एकाच घराण्यातून निघालेले दोघे; एकाच्या बायोडेटावर डाग, दुसऱ्याच्या नाही. एन्रॉनच्या फाइलला ज्यांचा हातही लागला नव्हता अशा हजारोंना मुलाखतीत खुलासे देत बसावं लागलं असेल, हे मनात आलं की मला आजही वाईट वाटतं.

मग चौकशी कुणाकडे करायची? कंपनीच्या करिअर पेजवर नाही. ज्या टीममध्ये आपण जाणार, तिथून वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडलेल्या माणसाला गाठा. रजा मागितली की साहेब काय म्हणतात, निर्णय तिथेच होतात की दुसऱ्या देशातल्या मुख्यालयातून येतात, बढती शेवटची कुणाला मिळाली, हे तो पाच मिनिटांत सांगेल. आणि मुलाखत संपताना 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात, तेव्हा विचारा, 'ही जागा रिकामी कशी झाली?' काम वाढलं म्हणून, कुणाला बढती मिळाली म्हणून, असं सरळ उत्तर आलं तर ठीक. तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली, तर सही करण्याआधी आणखी एक फोन करा.