१९२ मतं, ७६८ मतं आणि माण नदी : सांगोला मतदारसंघाची गोष्ट

(दृश्य : जनावरांचा बाजार, भल्या पहाटे)

रविवार. सांगोल्याचा बाजार. अजून पुरतं उजाडलेलं नाही, आणि टेम्पोच्या फळ्या पडायला लागल्यात. हा खोंड बघा. पांढरा, ताठ मानेचा, शिंगं मागे वळलेली. खिलार. माणदेशाचं जनावर. कमी चाऱ्यावर तगणारं, उन्हाला न हटणारं.

आणि हे दोन हात. वर रुमाल टाकलाय. खाली बोटांवर सौदा चाललाय. तोंडातून एक आकडा बाहेर पडत नाही. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता नाही, बोली कुठवर आली. सांगोल्यात आकडा शेवटपर्यंत झाकलेला असतो. मतमोजणीतही इथं तसंच झालंय, दोनदा.

(दृश्य : नदीचं कोरडं पात्र, पुलावरून)

ही माण. नदी म्हणायची, कारण नकाशात आहे. माण तालुक्यातून निघते, आटपाडीवरून सांगोल्यात येते, मंगळवेढ्याकडे जाऊन भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळू आणि बाभळी. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मनात आलं तर.

निवडणूक आयोगाच्या यादीत हा २५३ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ. सगळा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ. २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेला तो माढ्यात. कागद एवढंच सांगतो. इथल्या माणसाला मतदारसंघ विचारा, तो पाण्याचं सांगायला लागतो. म्हणून आम्हीही तिथूनच निघालो.

(दृश्य : एसटी स्टँड, लाल गाडीच्या आतून)

एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखीव जागा असते. त्या सीटवर बसलेला आमदार किती जणांनी पाहिलाय? सांगोल्यानं पाहिलाय. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी. गणपतराव देशमुख. इथल्या जिभेवर आबासाहेब.

मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचं शिक्षण पुण्यात, वकिली सांगोल्यात. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. काँग्रेसमधून बाहेर पडून शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी उभा केलेला, लाल बावट्याचा. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ ला नव्या राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. त्या पहिल्याच सभागृहात आबासाहेब सांगोल्यातून गेले. १९६७ ला परत गेले.

१९७२ ला पडले. काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी हरवलं. पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले, आणि तिथून १९७८, १९८०, १९८५, १९९० अशी ओळच लागली. या काळात राज्यात काँग्रेस फुटली, जुळली, पुन्हा फुटली. शेकापचे बालेकिल्ले एकेक करून ढासळले. सांगोल्याच्या भिंतीवरचा लाल रंग मात्र दर पाच वर्षांनी नव्यानं मारला गेला.

(दृश्य : सूतगिरणीचं फाटक, मग आतली चाती)

ही शेतकरी सहकारी सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तिथं सूतगिरणी! लोक हसले असतील. चाती फिरताहेत, बघा.

(दृश्य : जुनं वर्तमानपत्र, कॅमेरा हळूहळू आकड्याजवळ)

१९९५. रुमाल उघडला तेव्हा आत निघाले १९२. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील १९२ मतांनी निवडून आले. एका वाडीवरच्या लग्नाला याहून जास्त माणसं जेवतात.

पण त्याच्या दोन वर्षं आधी आटपाडीत जे सुरू झालं होतं, ते या निकालापेक्षा मोठं आहे, आणि त्याला वेळ द्यायला हवा.

(दृश्य : आटपाडीचं मैदान, पाणी परिषदेचे जुने फोटो)

१९९३. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारात लढलेला माणूस, आटपाडीत पाणी परिषद भरवतात. शेजारी पाणी चळवळीतले डॉ. भारत पाटणकर. आणि आबासाहेब. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले कृष्णा खोऱ्यातले १३ दुष्काळी तालुके एका मांडवाखाली.

मागणी साधी नव्हती. नुसतं पाणी द्या, असं ती म्हणत नव्हती. पाण्याचं समान वाटप करा, म्हणत होती. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा द्या, म्हणत होती. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट, पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं. सन २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता, आणि तोवर न अडवलेलं पाणी हातचं जाईल, ही धास्ती. नदी खाली, माणदेश वर. मग पाणी चढवा! पंप लावा, टप्पे करा, डोंगर पोखरा. परिषद वर्षामागून वर्ष भरत राहिली. बैलगाड्या आल्या, टेम्पो आले, भाकरी फडक्यात बांधून बाया आल्या. हे फोटो पाहा, पहिल्या रांगेतल्या बायांकडे पाहा.

१९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचं. दुसरीकडून म्हैसाळची उपसा योजना. खालून नीरेचा उजवा कालवा आहेच, पण सांगोला त्याच्या शेपटाला. आणि शेपटाला पाणी कसं येतं, हे शेपटाच्या माणसालाच ठाऊक.

(दृश्य : पंपगृह, जाड लोखंडी पाईप, हात लावून)

पाईपला हात लावला की थरथर कळते. खालची नदी वर निघालीय. या थरथरीचं वीजबिल येतं. पुढे सरकारनं ठरवलं, ८१ टक्के शासन भरेल, १९ टक्के शेतकरी. कागदावर दोन आकडे. त्यासाठी किती मोर्चे निघाले, ते आटपाडी-सांगोल्याच्या रस्त्यांना विचारा.

१९९९ ला आबासाहेब परतले. २००४, २००९, २०१४. अकरा वेळा आमदार, एकाच मतदारसंघातून. दोनदा मंत्री. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वयानं पंचाऐंशी ओलांडलेली. समोर पुन्हा शहाजीबापूच, आता शिवसेनेत.

(दृश्य : डाळिंबाची बाग, भगवा जातीची फळं, जवळून)

या पाण्याच्या आशेवर लावलेलं हे डाळिंब. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच सुटली, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. मध्ये तेल्या आला, मर आली, हे डाळिंबाचे रोग, बागा निघाल्या.

(दृश्य : २०१९ चे बॅनर)

२०१९. आबासाहेबांनी वयामुळे उभं राहायचं नाही ठरवलं. नातू डॉ. अनिकेत देशमुख रिंगणात. रुमाल दुसऱ्यांदा उघडला. शहाजीबापू ७६८ मतांनी विजयी.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले.

(दृश्य : अंत्ययात्रेची गर्दी. निवेदन नाही, २० सेकंद)

पुढच्या वर्षी, जून २०२२ ला, सांगोला देशभर पोचला. पाण्यानं नाही, एका फोननं. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील...’ शिवसेना फुटली होती, आणि गुवाहाटीहून आमदार शहाजीबापू कार्यकर्त्याशी बोलत होते. सरकार बदललं. शहाजीबापूंच्या काळात उजनीच्या पाण्याची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची उपसा योजनाही पुढे सरकली, हेही नोंदवून ठेवू. बाकी त्या फोनवर सगळ्यांनी रील्स केल्या आहेत, आम्ही नाही करत. ज्या तालुक्यात झाड जगवायला टँकर लागतो, तिथल्या माणसाला झाडी बघून हरखायला झालं, याचं हसू आम्हाला तरी आलं नाही.

(दृश्य : २०२४, गुलाल, लाल झेंडे)

नोव्हेंबर २०२४. तिरंगी लढत. शहाजीबापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, दीपकआबा साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेकडून, आणि शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, हेही आबासाहेबांचे नातू. या वेळी रुमाल लागला नाही. बाबासाहेब पंचवीस हजारांवर मतांनी आले. २८८ च्या सभागृहात शेकापचा हा एकच आमदार.

(दृश्य : दुपार, बाजार उठतोय)

सकाळचा पांढरा खोंड विकला गेला. नव्या मालकानं कासरा हातात घेतलाय. टेम्पोत चढवण्याआधी तो त्याला कडेच्या हौदाकडे नेतो. खोंड तोंड घालतो, आणि मान वर काढतो. हौद रिकामा आहे.