चेहरा दाखवला, पुढं काय?

पुणे एअरपोर्ट, लोहगाव. पहाटेची दिल्ली फ्लाइट, एन्ट्री गेटवर ही गर्दी. एका रांगेत सीआयएसएफचा जवान तिकीट बघतो, आधार नाहीतर लायसन्स बघतो, मग तुमच्या तोंडाकडे बघतो. शेजारच्या रांगेत हेच काम कॅमेरा करतो, ते डिजियात्रा, म्हणजे मोबाइल ॲपवर आधी आयडी आणि चेहरा नोंदवायचा आणि गेटवर नुसता चेहरा दाखवून आत जायचं. पुण्यात हे २०२३ च्या मार्चमध्ये आलं.

आता विमानात कोण बसतंय हे सरकारला कळायला नको का, तर हवंच, आणि लोहगाव तर एअर फोर्सचा तळ, त्यामुळे इथं कडक तपासणी असणारच, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण ओळख पटवणं वेगळं आणि ती साठवणं वेगळं.

डिजियात्रावाले सांगतात की तुमची माहिती तुमच्याच मोबाइलमध्ये राहते, प्रवासापुरती एअरपोर्टला जाते आणि विमान उडाल्यावर २४ तासांत तिथून पुसली जाते. बरं. पण पुसली का हे तपासणार कोण? कारण हे चालवणारी डिजियात्रा फाउंडेशन सरकारी खातं नाहीच, २०१९ मध्ये काढलेली कंपनी आहे, त्यात एअरपोर्ट अथॉरिटीचा वाटा २६ टक्के आणि बाकीचा दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, कोचीच्या एअरपोर्ट कंपन्यांचा. गेटवर सरकारी वर्दी दिसते, जाब विचारायला गेलं की कंपनी.

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, सरकारला त्यात हात घालायचा तर आधी कायदा पाहिजे, कारण योग्य पाहिजे आणि गरजेपुरताच घालायचा. डिजियात्रासाठी संसदेनं वेगळा कायदा केलेला नाही, आहे ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची २०१८ ची पॉलिसी. आणि लोकांची खासगी माहिती जपण्यासाठी केलेल्या २०२३ च्या डेटा कायद्यात सुरक्षेचं कारण देऊन सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं!

दुबईला जाणाऱ्यांचं तर अजून वेगळंच. २०२२ च्या नियमांप्रमाणे एअरलाइननं तुमच्या बुकिंगचा तपशील, म्हणजे पैसे कसे भरले, सोबत कोण, सामान किती, हे सगळं कस्टम्सला द्यायचं, आणि ते ५ वर्षांपर्यंत ठेवता येतं. चेहऱ्यावरून एवढी चर्चा होते, याच्यावर फारसं कोणी बोलत नाही.

डिजियात्रा सक्तीचं नाहीये. कॅमेऱ्यात बघा म्हणाले तर नको म्हणा, आयडी दाखवा आणि आत जा. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात एवढं ठळक मराठीत गेटवरच लिहिलेलं असावं, एवढी अपेक्षा तर ठेवूच शकतो ना?