पारा उतरतो, पण घाम वाळत नाही

मंडळी, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके केव्हाच उतरले. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. या पंधरवड्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४ वरून ४०-४१ वर आला की लोक म्हणतात, सरला उन्हाळा. इथंच फसगत होते. मेच्या मध्यात हवा कोरडी असते; घाम लगेच उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पावसाळी वारं सुटलं की हवा दमट होते आणि घाम नुसता निथळत राहतो. निथळणाऱ्या घामानं अंग थंड होत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं. म्हणून जूनचे ४० अंश मेच्या ४४ पेक्षा जड जाऊ शकतात. चालणं, जेवण, दुपारचं वाचन, सगळं या एका गोष्टीवर बेतायचं.

चालायला सकाळच गाठा. या दिवसांत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दिवसातली सर्वांत थंड वेळ त्याच्या आगेमागेच असते. सव्वापाचला निघावं, साडेसहाला घरी यावं. संध्याकाळी सूर्य सातला मावळला तरी डांबर, भिंती, गच्च्या बराच वेळ धग सोडत असतात. शिवाय रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारं वळवाचं वादळ बहुधा दुपार टळल्यावरच उठतं. वीज कडाडू लागली तर झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.

पहिल्या दिवशी २० मिनिटं, मग दर दोन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा; शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. ते तुटलं तर वेग जास्त आहे. ही कसोटी जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाला लागू आहे, तशीच धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या चढालाही. गडावर मात्र पाणी आपलं आपण न्यावं. पाणी किती प्यावं हे तहानेवर सोडू नका. निघण्याआधी आणि परतल्यावर वजन करा, दोन्ही वेळा घामाचे कपडे काढून. अर्धा किलो घटलं तर वाटेत प्यायलात त्याखेरीज आणखी अर्धा लिटर पाणी गेलं. ते तासा-दोन तासांत, थोडं मीठ पोटात जाईल अशा बेतानं भरून काढा. मळमळ, चक्कर वाटली तर तिथंच सावलीत बसा. बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात समजावा: अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच दवाखान्यात न्या.

हे मीठ-पाणी भरून काढायला आंबिलीसारखं दुसरं काही नाही. चार चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ठेवा. हिवाळ्यात रात्रभर लागतं. या उकाड्यात चार-पाच तास पुरतात, त्यापुढे जिभेला झोंबेल इतकी आंबट होते. मग तीन वाट्या पाण्याला उकळी आणा, आच मंद करा आणि मिश्रण बारीक धारेनं, सतत ढवळत सोडा. एकदम ओतलं तर गाठी होतात, ढवळणं थांबलं तर ताक फाटतं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घाला आणि गार करून प्या. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे काळे उडीद आणि मीठ एकत्र दळायचं. उन्हाळ्याअखेर जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना चिरते. उडदाच्या चिकटपणानं ती सांधली जाते. तरीही पीठ आठवड्यापुरतंच दळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा. उशीर झाला तर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. ठेचा, कांदा, झालं जेवण.

दुपारी बारा ते चार वाचावं. वाळ्याचा पडदा हवा कोरडी आहे तोवरच गारवा देतो. दमट हवेत तो खोली आणखी कोंदट करतो, तेव्हा पडदा काढून खिडकी उघडा. वाचायला लहान मजकूर घ्या, आणि मोठ्यानं वाचा. आपल्या खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आधी गळ्यातून आली, इतरांनी ती कागदावर उतरवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती छापली गेली. मनात वाचली तर लेवा बोलीतले लांब-आखूड स्वर निसटतात. एका दुपारी एकच गाणं घ्या, तीनदा म्हणा. तिसऱ्यांदा जात्याची लय आपोआप सापडते.